रॅम्पचं टोक समोरच्या मामांच्या उंबऱ्यात जातंय, ताई

पत्र:

काका, नमस्कार. वडगावात आमचं तीस बाय चाळीस फुटाच्या जागेत जुनं कौलारू घर होतं, ते पाडून नवीन बांधायला काढलंय. मिस्टर मिलिटरीत आहेत, पुढच्या वर्षी पेन्शनवर येतील, येताना कॅन्टीनमधून गाडी घ्यायची ठरलंय, म्हणून घरातच पार्किंग पाहिजे. समोर वीस फुटी गल्ली आहे आणि आमच्या कंपाऊंडला लागून उघडी गटार. मेस्त्री म्हणतो प्लिंथ (जोतं) रस्त्यापासून अडीच फूट उचलू, पार्किंग पण त्याच लेव्हलला घेऊ आणि गटारीवर स्लॅब ओतून रस्त्यावर रॅम्प काढू. गटारीवर सळ्या पण बांधून झाल्यात. समोरचे मामा भांडायला आले, कॉर्पोरेशनात तक्रार देतो म्हणाले. शिनोळीच्या दाजींनी गेल्या वर्षी घर बांधलंय, ते म्हणतात पुढं किती सोडायचं मला सगळं पाठ आहे. सासरे म्हणतात पार्किंग कशाला, शटर लावून गाळा काढा, भाडं येईल. आणि गेटसमोर लोक गाड्या लावून जातात ते वेगळंच. नकाशा पास आहे पण त्यात पार्किंग कुठं दाखवलंय ते मी बघितलेलं नाही. कुणाचं ऐकू? बुडात (शहराच्या नगरविकास प्राधिकरणात) जायचं की कॉर्पोरेशनात?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर:

ताई, नमस्कार. पहिलं काम, गटारीवरच्या त्या सळ्या आजच सोडवायला सांगा. काँक्रीट पडायच्या आधी. सळ्या काही वाया जात नाहीत, आत कुठंतरी लागतात, पण एकदा तिथं काँक्रीट ओतलं की मामांचं भांडण खरं होणार आणि तुमचं खोटं, मग तुम्ही कितीही गोड बोला.

आता हिशोब बघा. गाडी चढायच्या रॅम्पला साधारण एकास आठ असा उतार धरतात, म्हणजे एक फूट वर जायला आठ फूट लांबी. मेस्त्री पार्किंग अडीच फूट वर घ्यायला लागलाय, म्हणजे अडीच गुणिले आठ, वीस फूट रॅम्प. आणि तुमची गल्लीच वीस फुटाची! म्हणजे रॅम्प तुमच्या गेटपासून सुटणार आणि त्याचं टोक समोरच्या मामांच्या उंबऱ्यात. मामा भांडतात त्यात काय चूक हाय सांगा बघू. मेस्त्री अर्थात वीस फूट काढणार नाही, तो पाच-सहा फुटात बसवणार, आणि मग काय होतं ते बेळगावात कुठल्याही गल्लीत बघून या, गाडीचं तोंड रस्त्यावर घासतंय, मागची बाजू वर अडकतीय, पावसात चाक फिरतंय आणि आतनं माणूस ओरडतोय "अगं दगड लाव मागं दगड". अशा रॅम्पवर गाडी चढवणं जमत नाही म्हणून शेवटी ती गाडी गल्लीतच उभी राहते आणि घरातल्या पार्किंगमध्ये जुनी गादी, सायकल आणि सिमेंटची उरलेली पोती.

हे मी दुसऱ्यांचं बघून सांगत नाही. मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून लोकांचे नकाशे काढले आणि स्वतःच्या घराला मात्र रॅम्प कंपाऊंडच्या बाहेर चार फूट काढला, कारण तेव्हा गल्लीत सगळेच काढत होते. पुढं रस्त्याचं काम निघालं तेव्हा जेसीबी आला आणि अर्ध्या तासात तो रॅम्प उचलून नेला. नुकसानभरपाई कसली, जागाच माझी नव्हती. त्यानंतर दोन वर्षं गेटमधून गाडी निघत नव्हती, एक फुटाची पायरी झाली होती तिथं. घरातल्यांनी किती ऐकवलं ते लिहीत नाही.

तर मुद्दा हा की तुमच्या कंपाऊंडची जी बाहेरची रेघ आहे तिथं तुमचं संपलं. रेघेच्या आत काय करायचं ते नकाशा आणि बायलॉज ठरवतात, रेघेच्या बाहेर गटार, फूटपाथ, डांबर, विजेचा पोल, झाड, ह्यातलं काहीच तुमचं नाही, भले तुम्ही रोज तिथं सडा घालून रांगोळी काढत असा. रस्त्यावर आणि गटारीवर अडथळा होईल असं बांधलेलं काढून टाकायचा अधिकार महापालिकेला कर्नाटक म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्ट १९७६ खालीच आहे. रॅम्प, पायऱ्या, कट्टा, तुळशीवृंदावन, काही असो. लोक म्हणतात सगळ्यांचे हायत की, आमचाच का? होय, सगळ्यांचे आहेत, पण तक्रार तुमच्या नावाची जाणार आहे ना आता.

पण मेस्त्रीला पण सगळा दोष देऊ नका हं. तो अडीच फूट का म्हणतोय त्याला कारण आहे. आपल्याकडं रस्ता करताना जुना थर खरवडून काढत नाहीत, त्याच्यावरच नवीन थर, परत त्याच्यावर काँक्रीट, असं करत करत रस्ता वर वर येतो आणि जुनी घरं खाली जातात. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत किती घरांत रस्त्यावरनं खाली उतरून जावं लागतंय बघा की. त्यात तुमच्या बाजूला बळ्ळारी नाला, मोठा पाऊस झाला की तिकडचं शिवार पाण्याखाली जातंय आणि २०१९ च्या ऑगस्टात शहरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळं राहायच्या खोल्या उंच घेणं बरोबरच आहे, तिथं मेस्त्रीचं ऐका, अडीच फूट घ्या. चूक फक्त एवढीच की पार्किंग पण त्याच उंचीला नेलं. गाडीच्या चाकांना पाणी लागलं तर धुवून निघतं, तिला हॉलच्या लेव्हलला कशाला बसवायचं?

असं करा. घर अडीच फुटावर, पार्किंगची जमीन रस्त्यापासून फक्त सहा इंच वर. सहा इंचाला एकास आठने चार फूट रॅम्प लागतो, आणि तो कंपाऊंडच्या आत, पुढं सोडलेल्या मोकळ्या जागेत बसतो. समजा तुमच्या नकाशात पुढं पाच फूट सोडलेत, तर चार फूट उतार आणि एक फूट सपाट, झालं काम. पार्किंगमधून घरात चढायला सहा-सहा इंचाच्या चार पायऱ्या येतील, त्या बाजूला घ्या, गाडीच्या वाटेत नको. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांना एका बाजूला धरायला पाईप लावा, तेवढं नंतर आठवत नाही कुणाला.

पार्किंगची जमीन आतून गेटकडं थोडी उतरती ठेवायची, पंधरा-अठरा फुटाला दोन इंच पुष्कळ झालं, आणि गेटच्या आतल्या अंगाला रुंदीभर एक छोटं चॅनेल काढून त्याच्यावर लोखंडी जाळी. गाडी धुतलेलं पाणी, वळवाचं तिरपं पाणी, सगळं त्या जाळीत. गच्चीचं पाणी मात्र त्याच्यात सोडू नका आणि यूजीडीच्या, म्हणजे जमिनीखालच्या सांडपाण्याच्या लाईनच्या, चेंबरला तर मुळीच जोडू नका, जोरात पाऊस झाला की तेच पाणी उलटं बाथरूममधून वर येतंय. गच्चीच्या पाण्याला वेगळा पाईप आणि शक्य असेल तर मागं शोषखड्डा. खणताना काळी माती लागली असेल तर पार्किंगच्या खाली ती तशीच ठेवून वर फरशी बसवू नका, काळी माती पावसात फुगते उन्हात आकसते, दोन वर्षांत फरशा उचकटतात. माती काढून मुरुम भरा, पाणी मारून चांगला धुम्मस करा, मग वर काँक्रीट नाहीतर पेव्हर.

आता गटार कशी ओलांडायची, ती तर मध्ये आहेच. गटारीवरून गाडी न्यायला झाकण लागणारच, ते कुणी नाकारत नाही, पण ते ओतून बंद केलेलं नको. दोन-दोन फुटाचे सुटे स्लॅब करायचे, दोन्ही बाजूला उचलायला कड्या ठेवायच्या, फक्त गेटच्या रुंदीएवढेच, आणि वरची लेव्हल रस्त्याला सपाट. म्हणजे सफाईवाले आले की दोन माणसांनी उचलून गाळ काढता येतो. लोक काय करतात, गेट दहा फुटाचं आणि गटार तीस फूट अख्खी बंद, वर टाईल्स, वर कुंड्या. आत काय चाललंय ते उंदीर आणि डास सोडून कुणाला माहीत नसतंय. मग एका वळवात पाणी तुंबलं की ते खालच्या अंगाच्या घरात शिरतं. मामांचं घर खालच्या अंगाला आहे का ते बघा, असेल तर त्यांच्या रागाचं मूळ तिथं असणार. शहाबादी फरशी टाकून भागवू असं कुणी म्हणालं तर नको, माणूस चालायला ठीक आहे, गाडीच्या चाकाखाली ती मोडते आणि गाडी गटारीत बसते. आणि हे झाकण बसवायच्या आधी वॉर्डाच्या इंजिनियरला अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी "करा करा" म्हणाले तर ते तोंडीच राहतंय.

बुडा की कॉर्पोरेशन हा गोंधळ सगळ्यांचाच असतो. बुडाचं काम म्हणजे लेआउट मंजूर करणं, मास्टर प्लॅन, कुठली जमीन रहिवासी कुठली आणखी कशाची ते ठरवणं. शहराच्या हद्दीत घर बांधायचा परवाना कॉर्पोरेशन देतं, म्हणजे तुमच्या रोजच्या प्रश्नाला कॉर्पोरेशन. कॅम्पात राहणाऱ्यांना कॅन्टोन्मेंट बोर्ड, त्यांचा कायदाच वेगळा, आणि येळ्ळूर-धामण्याकडं ग्रामपंचायत. हे एवढ्यासाठी सांगतोय की हे उत्तर वाचून उद्या कॅम्पातलं कुणीतरी वडगावचा नियम घेऊन भांडायला जाईल.

आणि त्यावरूनच दाजी. दाजींचा मान ठेवा, चहा द्या, पण त्यांच्या पाठ असलेल्या नियमांना नमस्कार करा. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आपल्या इथून अर्ध्या तासाचा रस्ता, भाषा तीच, पाहुणे तेच, भात तोच, पण घर बांधायचे नियम वेगळे. तिकडं २०२० च्या डिसेंबरपासून बहुतेक सगळ्या महाराष्ट्राला एकच युनिफाईड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकच नियमावली, लागू केलीय, आपल्याकडं कर्नाटकाचा टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९६१ आणि त्याखालचे आपल्या शहराचे झोनिंग नियम. व्हॉट्सॲपवर पण हाच घोळ, २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी पार्किंग दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नाही असं जाहीर केलं, ती बातमी इथं फिरली आणि माझ्याकडं चार फोन, काका आता आम्हाला गाडी मिळणार नाही काय? अरे ते तिकडचं. तुमच्या गाडीचं पासिंग इथं बेळगावच्या आरटीओत होणार ना.

मग पुढं किती सोडायचं? दाजींना नाही, तुमच्या पास झालेल्या नकाशाला विचारा. ताई, हे मात्र जरा कान धरून सांगतो, घर तुम्ही उभं करताय, मेस्त्रीवर देखरेख तुमची आणि नकाशा उघडून बघितलेला नाही म्हणजे काय? तुमच्या इंजिनियरकडून शिक्क्याची प्रत मागून घ्या, मोबाईलवरचा फोटो नको. त्यात समोर, मागं आणि दोन्ही बाजूला किती सोडलंय ते मीटरमध्ये लिहिलेलं असतं, ते प्लॉटच्या लांबी-रुंदीवर आणि घराच्या उंचीवर ठरतं. त्याच नकाशात पार्किंगचा चौकोन दाखवलेला असतो, साधारण अडीच मीटर बाय साडेपाच मीटर, म्हणजे आपल्या भाषेत आठ फूट बाय अठरा फूट. मीटरला सव्वातीन फुटाने गुणायचं, अंदाजाला पुरे. आता तो चौकोन कागदावर कुठं आहे आणि मेस्त्रीने कॉलम कुठं उभे केलेत ते टेपने मोजा. माझा अनुभव सांगतो, कागदावर पार्किंग झकास असतंय आणि जागेवर त्याच्या मधोमध जिना. नकाशा काढणारा एक, बांधणारा दुसरा, आणि जिना कुठं घ्यायचा हे सांगणारा तिसराच कुणीतरी पाहुणा.

कुठली गाडी घेणार ते लिहिलं नाहीत, पण आजकालच्या बहुतेक लहान गाड्या चार मीटरच्या आत असतात, चार मीटरच्या आत ठेवली की टॅक्स कमी म्हणून कंपन्याच तशा काढतात. म्हणजे लांबी तेरा फूट. रुंदी साधारण पावणेसहा फूट, त्याच्यात आरसे नाहीत. दार उघडून माणूस उतरायला एका बाजूला दोन-अडीच फूट लागतंय, आणि माणूस म्हणजे सडपातळ पोरगं नव्हे, जरीची साडी नेसून लग्नाला निघालेली काकी धरा. मागं डिकी उघडायला दोन फूट. म्हणून दोन कॉलमच्या मध्ये मोकळी रुंदी साडेआठ फूट तरी ठेवा, प्लास्टर धरून. स्कूटर पण असणारच, तिला वेगळी तीन बाय सहाची जागा, नाहीतर रोज गाडी काढायच्या आधी स्कूटर बाहेर आणि स्कूटर काढायच्या आधी गाडी बाहेर हा खेळ.

पुढच्या पाच फुटात तेरा फुटाची गाडी मावत नाही हे उघड आहे, म्हणजे गाडीचा बराचसा भाग पहिल्या मजल्याच्या खाली येणार. आता गंमत बघा, घर अडीच फुटावर आणि पार्किंग सहा इंचावर, वरचा स्लॅब मात्र एकच, त्यामुळं पार्किंगची उंची बारा फुटाच्या आसपास होते. एवढी उंची बघितली की घरातलं कुणीतरी म्हणणारच, इथं पोटमाळा काढूया, भाड्याला एक खोली होईल. नको. नकाशात नसलेला मजला होतो तो. आणि पुढच्या मोकळ्या जागेवर पत्र्याचं शेड मारायचा मोह पण आवरा, ती जागा उघडी राहायला म्हणूनच सोडायला लावलेली असते, बंब यावा, हवा यावी, शेजाऱ्याला उजेड मिळावा म्हणून.

गेट आत उघडणारं घ्या किंवा सरकतं. बाहेर, गल्लीत उघडणारं गेट बायलॉजमध्ये बसत नाही आणि जाणाऱ्या पोराच्या कपाळावर बसतं. रुंदी किती घ्यायची हे पुस्तकातनं ठरवू नका. गल्ली वीस फुटाची म्हणता, त्यातली गटार वजा करा, समोरच्या बाजूला मामांची मोटारसायकल उभी असते ती वजा करा, राहिलं बारा-तेरा फूट. त्यात गाडी काटकोनात वळवायची म्हणजे दहा फुटाचं गेट पण कमी पडू शकतंय. ओळखीच्या कुणाचीतरी गाडी एका रविवारी बोलवा, गेटची जागा आणि कॉलमची जागा रस्त्यावर रांगोळीने आखा, विटा ठेवा, आणि दोनदा आत-बाहेर करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. गल्लीतली पोरं जमतील, "काय करूलासा ओ काकू" विचारतील, विचारू देत. मिस्टर सुट्टीवर येतील तेव्हा गेट तोडून मोठं करण्यापेक्षा हे बरं.

सासऱ्यांचा गाळा. ह्याच्यावर जरा थांबतो, कारण वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणायला तुमच्याकडं कारण पाहिजे. त्यांचं म्हणणं मला कळतंय, पार्किंग महिन्याला काही देत नाही, गाळा देतो. पण पार्किंगसाठी दाखवलेली जागा कर्नाटकाच्या नियमात एफएआरमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम चालतं त्या हिशोबात, मोजत नाहीत, म्हणजे तेवढं बांधकाम तुम्हाला एक प्रकारे सवलतीत मिळालंय. तिथं शटर बसलं की ती सवलत गेली, ते क्षेत्रफळ मोजलं जाणार, वर रहिवासी परवान्यात दुकान घातल्याचं वेगळंच. पुढं प्रॉपर्टी टॅक्सचा दर वेगळा, हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, कमर्शियल मीटर, ट्रेड लायसन्स. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, २०२४ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणं झाल्याचा दाखला बघूनच वीज-पाण्याचं कनेक्शन द्यायचं. पुढं लहान प्लॉटवरच्या घरांना राज्य सरकारने त्यात सूट दिलीय, ती तुम्हाला लागू होते का ते कॉर्पोरेशनात विचारा. त्यानंतर हेस्कॉमच्या ऑफिसात किती लोक टेम्पररी मीटरवर अडकून पडले ते तुमच्या गल्लीतच विचारा. भाडं येईल तेव्हा येईल, आधी मीटर तर परमनंट होऊ दे. काही जण म्हणतील अक्रम-सक्रममध्ये, म्हणजे बेकायदा बांधकाम नियमित करायच्या सरकारी योजनेत, नंतर दंड भरून होऊन जाईल. ती योजना सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या जानेवारीत थांबवलीय, त्या भरवशावर वीट लावू नका. सासऱ्यांना खरंच उत्पन्न पाहिजे असेल तर वरच्या मजल्यावर एक खोली वेगळ्या जिन्याने भाड्याला मिळेल अशी, पण ती आधी नकाशात दाखवून.

आता गेटसमोर गाड्या लावणारे. मोटार वाहनांच्या २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीत कुणाच्या आवारात जायच्या-यायच्या वाटेसमोर गाडी लावू नये असं आहे, म्हणजे बाजू तुमची. पण हे फक्त गेटच्या तोंडापुरतं. गेटच्या बाजूला कंपाऊंडच्या भिंतीला लागून कुणी गाडी लावली आणि तिथं पोलिसांनी नो पार्किंग केलेलं नसेल तर तुम्ही त्याला हाकलू शकत नाही, रस्ता त्याचाही तेवढाच. "नो पार्किंग, हवा काढली जाईल" हा बोर्ड लावा हवा तर, पण हवा काढू नका, दुसऱ्याच्या गाडीला हात लावला की तक्रारदाराचे तुम्ही आरोपी. दगड, साखळी, सिमेंटच्या कुंड्या, टायर, हे रस्त्यावर मांडून जागा राखणं हे पण अतिक्रमणच, बाकीचे मांडतात म्हणून नका मांडू. कुणी अगदीच वाट अडवून गेला तर आधी आजूबाजूला हाक मारा, दहातल्या नऊ वेळा तो शेजारच्याकडं जेवायला आलेला पाहुणा असतो. दहावा असेल तर ट्रॅफिक पोलीस, नाहीतर ११२. आणि मंगाईच्या यात्रेत, गणपतीत, लग्नाचा मांडव पडला की गाडी आत असेल तर आत, बाहेर असेल तर बाहेर, तिथं कुठलीच नियमावली चालत नाही, आदल्या दिवशीच गाडी कॉर्नरला काढून ठेवायची.

मामांनी तक्रार दिलीच आणि कागद आला तर? कन्नडमध्ये असेल. फेकू नका, "नंतर बघू" म्हणून देव्हाऱ्यात ठेवू नका. मराठीत प्रत द्या असा अर्ज जरूर करा, भाषिक अल्पसंख्याक म्हणून ते मागणं रास्तच आहे, पण त्या अर्जाने मुदत थांबत नाही. त्याच दिवशी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून, गल्लीतली कॉलेजची पोरगी असली तरी चालेल, तीन गोष्टी काढून घ्या: कुठलं कलम, किती दिवसांची मुदत, आणि नेमकं काय काढायला सांगितलंय. परवान्याबाहेरच्या बांधकामाला त्याच कॉर्पोरेशन्स ॲक्टच्या ३२१ कलमाखाली आधी तात्पुरता आदेश आणि कारणे दाखवा नोटीस येते, तुमचं ऐकून घेतल्यावर मग कायम करतात, आणि कायम झाला तर त्याच्यावर अपील करता येतं. म्हणजे पहिल्या कागदाला लेखी उत्तर दिलं, फोटो जोडले, सळ्या काढल्याचं दाखवलं, की बहुतेक तिथंच मिटतंय. उत्तर दिलं नाही तर पुढं वकील.

दोन-चार बारीक गोष्टी राहिल्या. पाण्याचा संप (जमिनीतली टाकी) पार्किंगच्या खाली घेणार असाल, तीस-चाळीसच्या जागेत दुसरीकडं जागाच कुठं असते, तर मेस्त्रीला आधी सांगा की वर गाडी उभी राहणार आहे, स्लॅबची जाडी आणि सळई इंजिनियरकडून लिहून घ्या, आणि संपाचं झाकण चाकाच्या वाटेत येऊ देऊ नका. पाणी रात्री दोनला सुटलं तर झाकण उघडायला गाडी हलवावी लागणार नाही हे पण बघा! गेटच्या तोंडाला विजेचा पोल येत असेल तर हेस्कॉमला अर्ज, खर्च तुमचा, आणि वेळ लागतो म्हणून आत्ताच करा. झाड येत असेल तर गेट सरकवा, झाड नाही, १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात परवानगीशिवाय रस्त्यावरचीच काय आपल्या आवारातली बहुतेक झाडं पण तोडता येत नाहीत. चार्जिंगची गाडी आज घेणार नसलात तरी मीटरपासून पार्किंगपर्यंत एक रिकामा पाईप भिंतीत टाकून ठेवा, नंतर प्लास्टर फोडायला लागत नाही.

मामांकडं मात्र तुम्ही स्वतः जा, मेस्त्रीला पाठवू नका. सळ्या काढल्यात हे सांगा, नवीन रॅम्प आपल्याच कंपाऊंडच्या आत येणार हे दाखवा, गटारीची झाकणं सुटी असणार म्हणून सांगा. आणि रविवारी रांगोळीची टेस्ट करायची आहे तेवढा वेळ मोटारसायकल जरा आत घेता काय मामा, असं विचारा.